लंडन ब्रिज कुठला आणि टॉवर ब्रिज कुठला?

लंडनहून आलेल्या फोटोत दोन उंच बुरूज, निळं-पांढरं लोखंड आणि मधोमध वर उचलला जाणारा रस्ता असेल, तर खाली काहीही लिहिलेलं असो, तो लंडन ब्रिज नव्हे. तो टॉवर ब्रिज. हे नाव त्याला शेजारच्या टॉवर ऑफ लंडन या किल्ल्यावरून मिळालं, स्वतःच्या बुरुजांवरून नाही. लंडन ब्रिज त्याच्या पश्चिमेला, म्हणजे टेम्सच्या वरच्या अंगाला, किलोमीटरच्या आत आहे. तीन गाळ्यांचा, सपाट, करडा काँक्रीटचा पूल. बघायला गेलेला माणूस हमखास हिरमुसतो.

गोंधळाचं मूळ असं की टॉवर ब्रिज हे एका वास्तूचं नाव आहे. ती १८९४ साली उभी राहिली, आजही तीच आहे. लंडन ब्रिज हे मात्र खरं तर एका जागेचं नाव. तिथे रोमनांनी इसवी सन ५०च्या सुमारास लाकडी पूल टाकला आणि पुढे पूल बदलत गेले, नाव तेच राहिलं. तेव्हा ‘लंडन ब्रिज किती जुना?’ असं कोणी विचारलं, तर ‘कितवा?’ असं विचारणं भाग आहे.

यातला सर्वांत गाजलेला पूल मध्ययुगातला. पीटर ऑफ कोलचर्च या धर्मगुरूने तो ११७६ला बांधायला घेतला आणि १२०९ला तो पूर्ण झाला; पीटर त्याआधीच वारला होता. नदीच्या तळात एल्म लाकडाचे खुंट ठोकायचे, त्यांच्या कुंपणात दगडगोटे भरायचे आणि त्या नावेच्या आकाराच्या ओट्यावर खांब चढवायचा, अशी पद्धत. १९ खांब, प्रत्येकाला असा ओटा. ओट्यांनी पात्राचा बहुतेक भाग अडला. टेम्सला इथे भरती-ओहोटी असते. ओहोटीला पाणी उतरू लागलं, की वरच्या अंगाचं पाणी तुंबायचं आणि पुलाच्या दोन बाजूंच्या पातळीत सहा फुटांपर्यंत फरक पडायचा. पूल कमी आणि बंधारा जास्त. कोल्हापुरी बंधाऱ्यावरून गेलेल्यांना हे चित्र परकं वाटणार नाही, फक्त इथे वर घरं आणि दुकानंही होती. शहाणे उतारू पुलाआधीच होडीतून उतरत, चालत पलीकडे जात आणि होडी सुखरूप आली तर पुन्हा बसत.

अशा पुलाचा शत्रू वरचं ओझं नसतो, पायाजवळचं पाणी असतं. फटींतून जोरात घुसणारा प्रवाह तळ खणून काढतो, ओटे उघडे पडतात. ते वाचवायला आणखी दगड टाकले की फट अजून अरुंद होते आणि पाणी अजून जोरात धावतं. बर्फाचा मार वेगळाच: १२८१-८२च्या हिवाळ्यात पाच कमानी पडल्या. १७५९च्या सुमारास होड्यांची सोय म्हणून मधला एक खांब काढून दोन कमानींची एक मोठी कमान केली. लगेच सगळा प्रवाह तिच्याकडे ओढला गेला आणि दोन्ही बाजूंचे खांब धोक्यात आले. अभियंता जॉन स्मीटनच्या सल्ल्याने पाडलेल्या नगरवेशींचे दगड घाईने नदीत ओतले, तेव्हा ते तगले.

त्यानंतरचा पूल जॉन रेनीच्या आराखड्याचा, पाच कमानींचा, ग्रॅनाइटचा. रेनी १८२१ला वारला, काम त्याच्या मुलाने पुरं केलं. जुन्यापासून सुमारे ३० मीटर वरच्या अंगाला तो बांधला आणि १ ऑगस्ट १८३१ला खुला झाला. मग जुना पाडला, पाणी मोकळं धावू लागलं आणि आणखी वरच्या वेस्टमिन्स्टर पुलाचे पाय उघडे पडू लागले! रेनीचा पूलही खचत होता, आठ वर्षांत साधारण एक इंच. त्यातही पूर्वेची बाजू जास्त. मोटारींच्या काळात हे परवडणारं नव्हतं.

१९६८ला तो चक्क विकला गेला. रॉबर्ट मॅककलॉक या अमेरिकन उद्योजकाने तो २४,६०,००० डॉलरला घेतला. दगडांवर क्रमांक टाकून ते पनामा कालव्यातून कॅलिफोर्नियाला आणि तिथून ॲरिझोनातल्या लेक हवासू सिटीला नेले, तिथे काँक्रीटच्या सांगाड्यावर ते बाहेरून बसवले. पूल कोरड्या जमिनीवर उभा केला, खालचा कालवा नंतर खणला. ‘त्याला वाटलं आपण टॉवर ब्रिज घेतोय’ हा किस्सा आजही फिरतो. मॅककलॉकने तो नाकारला होता आणि एवढा सौदा करणारा माणूस चित्र न बघता पैसे मोजेल, हे पटतही नाही.

आजचा पूल प्रीस्ट्रेस्ड काँक्रीटच्या, म्हणजे आतल्या पोलादी तारा ताणून आवळलेल्या काँक्रीटच्या, पोकळ पेटी-तुळयांचा आहे. वाहतूक बंद न करता, जुना टप्प्याटप्प्याने उतरवत तो बांधला. मार्च १९७३मध्ये राणी एलिझाबेथने उद्घाटन केलं.

टॉवर ब्रिजचा प्रश्नच निराळा होता. लंडन ब्रिजच्या खालच्या अंगाला उंच डोलकाठ्यांची जहाजं धक्क्याला येत, त्यामुळे तिथे न उचलला जाणारा पूल चालणार नव्हता. म्हणून मधला ६१ मीटरचा गाळा दोन पात्यांचा केला. एकेक पातं हजार टनांच्या वर, पण मागच्या आखूड टोकाला शिसं आणि लोखंडाचं वजन असल्याने ते सी-सॉसारखं तोलून राहतं. ते उचलायला पूर्वी वाफेच्या इंजिनाने दाबाखाली साठवलेलं पाणी लागे. १९७०च्या दशकात वीज आणि तेल आलं. बुरूज दगडी दिसतात, पण भार आतल्या पोलादी सांगाड्यावर आहे, दगड नुसता अंगरखा. दुखणं यंत्राचं: ऑगस्ट २०२०मध्ये पाती वर अडकली आणि वाहतूक तासाभराहून अधिक खोळंबली.

टॉवर ब्रिजचा चांगला फोटो हवा असेल तर लंडन ब्रिजच्या पूर्वेकडच्या फुटपाथवर उभं राहावं. मध्ये एचएमएस बेलफास्ट ही युद्धनौका दिसेल. प्रत्यक्ष टॉवर ब्रिजवर जायचं तर लंडन ब्रिज स्टेशनला न उतरता टॉवर हिलला उतरावं. पाती वर्षाला साधारण ८०० वेळा उचलली जातात आणि वेळा आधीच संकेतस्थळावर लागतात. त्या बघून निघावं, कारण जहाज आलं की रस्त्याने थांबायचं, हा तिथला नियम आहे.