शोधलेखनातील चालढकल

शोधनिबंध, प्रबंधिका किंवा पीएच.डी.चा प्रबंध लिहायचा आहे, माहिती गोळा झालेली आहे, उशिराने नुकसान आपलेच होणार हेही ठाऊक आहे आणि तरीही लेखन पुढे पुढे ढकलले जाते, तेव्हा त्याला शोधलेखनातील चालढकल म्हणतात. प्रत्येक उशीर म्हणजे चालढकल नव्हे. क्षेत्रभेटी अपुऱ्या राहिल्या, मार्गदर्शकांनी प्रकरण महिनोन्‌महिने वाचलेच नाही, तासिका तत्त्वावर दोन महाविद्यालयांत शिकवून संध्याकाळी वेळच उरला नाही, अशा कारणांनी काम लांबते तेव्हा उपाय वेगळे असतात आणि जबाबदारीही एकट्या विद्यार्थ्याची नसते. या दोन गोष्टींची सरमिसळ झाल्यामुळे कितीतरी कष्टाळू संशोधकांवर आळशीपणाचा शिक्का बसतो.

अभ्यासाच्या कामांत लेखनाची चालढकल विशेष होते. लॉरा सॉलोमन आणि एस्थर रॉथब्लम यांनी अमेरिकेतील विद्यार्थ्यांची पाहणी १९८४ मध्ये प्रसिद्ध केली. तीत सत्रनिबंधाचे लेखन आपण नेहमी किंवा जवळजवळ नेहमी लांबवतो असे ४६ टक्के विद्यार्थ्यांनी सांगितले. परीक्षेच्या अभ्यासाबाबत तसे सांगणारे २८ टक्क्यांच्या आसपास होते. परीक्षेची तारीख विद्यापीठ ठरवते, प्रश्नही तेच काढते. प्रबंधात मात्र काय सांगायचे, कोणत्या क्रमाने सांगायचे, कुठे थांबायचे हे सारे लिहिणाऱ्यालाच ठरवावे लागते. शिवाय लिहिलेले वाक्य कोणीतरी तपासणार असते. वाचन, नोंदी काढणे, तक्ते करणे यांत ही भीती नसते, म्हणून माणूस त्यांतच रमतो.

कॅनडातील पिअर्स स्टील यांनी २००७ मध्ये तोवरच्या संशोधनाचा एकत्रित आढावा घेतला. काम नकोसे वाटणे, त्याचे फळ दूर असणे, ते आपल्याला जमेल असा विश्वास नसणे आणि क्षणिक ओढीला बळी पडण्याचा स्वभाव, यांचा चालढकलीशी ठळक संबंध त्यांना दिसला. ‘मला सगळे अचूकच लागते म्हणून उशीर होतो’ हे स्पष्टीकरण फार ऐकू येते, पण अचूकतेचा आग्रह आणि चालढकल यांचा संबंध या आढाव्यात फारच क्षीण निघाला. फ्युशिया सिरॉय आणि टिमथी पिचिल यांनी २०१३ मध्ये मांडलेला विचार मला सर्वांत पटण्याजोगा वाटतो: चालढकल ही मुळात वेळेच्या नियोजनातली चूक नसते, ती त्या क्षणीच्या अस्वस्थतेपासून केलेली सुटका असते. फाइल बंद केली की लगेच बरे वाटते, आणि त्या बरे वाटण्यामुळेच सवय पक्की होते.

ही सुटका बहुधा कामाचेच रूप घेऊन येते. ‘साहित्याचा आढावा’ हे प्रकरण उघडले की आणखी एक लेख वाचायला हवा असे वाटते. तो उतरवून घेता घेता संदर्भसूचीतला स्वल्पविराम खटकतो. मग सगळी सूची नीट लावण्यात दुपार जाते. दिवसभर खुर्ची सोडलेली नसते, थकवा खरा असतो आणि प्रकरणात एका परिच्छेदाचीही भर पडलेली नसते.

डायन टाइस आणि रॉय बाउमायस्टर यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांचे सत्रभर निरीक्षण केले. चालढकल करणारे सुरुवातीला इतरांहून निवांत होते. सत्राच्या अखेरीस त्यांचा ताण आणि आजारपण वाढले आणि गुणही कमी पडले. आपल्याकडे या घाईचा आणखी एक धोका आहे. जमा करण्याची तारीख अंगावर आली की दुसऱ्यांची वाक्ये जशीच्या तशी उचलण्याचा मोह होतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार इतरांच्या लेखनाशी साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. त्यापुढे ४० टक्क्यांपर्यंत सुधारित मजकूर द्यावा लागतो आणि ६० टक्क्यांच्या वर गेल्यास नोंदणीच रद्द होऊ शकते.

उपायांपैकी सर्वांत भक्कम उपाय म्हणजे ठरलेल्या वेळी, थोडे, पण नियमित लिहिणे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट बॉइस यांनी लेखन अडलेल्या प्राध्यापकांवर केलेला प्रयोग १९८३ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला निकडीचे सोडून काहीही लिहू नका असे सांगितले, दुसऱ्याला मनात येईल तेव्हा लिहा असे सांगितले आणि तिसऱ्याने ठरलेल्या वेळापत्रकानुसार लिहायचे होते, न लिहिल्यास नावडत्या संस्थेला देणगी जाणार होती. तिसऱ्या गटाची पाने सर्वाधिक झालीच, पण नव्या कल्पनाही त्यालाच सर्वाधिक सुचल्या. सुचेल तेव्हा लिहीन, या समजुतीला याहून चांगले उत्तर माझ्या माहितीत नाही. फ्रान्सेस्को चिरिल्लो यांची ‘पोमोदोरो’ पद्धत, म्हणजे २५ मिनिटे काम आणि मग छोटी विश्रांती, ही याच जातीची आहे आणि नोकरी सांभाळून लिहिणाऱ्यांना सोयीची पडते.

वेळ ठरवताना ती मोघम ठेवू नये. जर्मन मानसशास्त्रज्ञ पेटर गोल्वित्झर आणि वेरोनिका ब्रान्डश्टेटर यांनी विद्यार्थ्यांना नाताळची पूर्वसंध्या कशी घालवली यावर दोन दिवसांत वृत्तान्त लिहायला सांगितला. कधी आणि कुठे बसून लिहिणार हे ज्यांनी आधीच ठरवले, त्यांच्यातील दोन तृतीयांशांहून अधिक जणांनी तो वेळेत लिहिला. बाकीच्यांत हे प्रमाण एक तृतीयांशाच्या आसपास राहिले. ‘या आठवड्यात प्रकरण संपवायचे’ यापेक्षा ‘सकाळचा चहा झाला की स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसायचे’ हा संकल्प जास्त टिकतो.

कामही तितकेच बारीक करावे लागते. ‘संशोधनपद्धतीचे प्रकरण’ हे एका बैठकीचे काम नाही. बचत गटांवरच्या प्रबंधात ‘तालुक्यातली गावे कोणत्या निकषाने निवडली ते सहा वाक्यांत’ हे आहे. त्यानंतर ‘प्रश्नावली कोणी, कोणत्या महिन्यांत भरून घेतली’. असे तुकडे कुठूनही लिहिता येतात. प्रस्तावना आधी लिहायचा हट्ट धरला की घोडे तिथेच अडते, कारण प्रबंधात काय निघाले हे तेव्हा ठाऊकच नसते. बैठक संपवताना पुढचे वाक्य काय असेल ते कंसात लिहून ठेवले, तर दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानाला सामोरे जावे लागत नाही. मराठी माध्यमातून आलेल्यांनी इंग्रजी प्रबंधाचा पहिला खर्डा मराठीत किंवा सरमिसळ भाषेत लिहायला कचरू नये. विचार मांडणे आणि इंग्रजी सुधारणे ही दोन कामे एकाच वेळी करायला गेले की दोन्ही थांबतात.

वाया गेलेल्या दिवसांबद्दल स्वतःला कोसत राहिल्याने लेखन सुरू होत नाही. मायकेल वोल, टिमथी पिचिल आणि शॅनन बेनेट यांच्या २०१० च्या अभ्यासात पहिल्या परीक्षेआधीच्या चालढकलीबद्दल ज्या विद्यार्थ्यांनी स्वतःला माफ केले, त्यांची पुढच्या परीक्षेच्या वेळची चालढकल कमी झाली. अपराधीपणामुळे प्रबंधाची फाइल उघडणेच अधिक नकोसे होते, हे पाहता यात नवल नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएच.डी.ला किमान तीन आणि कमाल सहा वर्षे मिळतात. पुनर्नोंदणीने आणखी दोन, आणि महिला व ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना त्यावर आणखी दोन. इतकी लांबची मुदत चालढकलीला पोसते. त्यामुळे संशोधन सल्लागार समितीसमोर दर सत्रात करायचे सादरीकरण निव्वळ सही-शिक्क्यापुरते उरू नये. प्रत्येक वेळी काही पाने हातात घेऊनच जायचे असे मार्गदर्शकाने ठरवून दिले, तर त्याच तारखा मधल्या मुदती होतात. अट एवढीच की दिलेली पाने मार्गदर्शकानेही लवकर वाचून परत करावीत. कच्चा मजकूर दाखवला म्हणून चारचौघांत पाणउतारा झालेला विद्यार्थी पुढचे प्रकरण पूर्ण झाल्याशिवाय दाखवत नाही, आणि ते पूर्ण होत नाही.