थायरॉइडच्या गोळीची ‘सवय’ लागत नाही

इंदुरात परवा एका हळदीकुंकवात पुन्हा तेच कानावर आलं: “रिपोर्ट नॉर्मल आला ना, मग गोळी बंद कर. नाहीतर जन्माची सवय लागते.”

हे खरं नाही. गळ्यातली थायरॉइड ग्रंथी पुरेसं थायरॉक्सिन बनवत नाही, म्हणून तेच संप्रेरक गोळीतून देतात. रिपोर्ट नॉर्मल येतो तो गोळीमुळेच. ती सोडल्यावर त्रास परततो, तो मूळच्या कमतरतेमुळे. आणि लगेच परतत नाही, इथेच माणूस फसतो: रक्तातलं थायरॉक्सिन निम्मं व्हायलाच साधारण आठवडा लागतो. माझ्या काकूला पहिले पंधरा दिवस छान वाटलं. मग हळूहळू पाटल्या मनगटात रुतू लागल्या, आवाज घोगरा झाला. तपासलं तर टीएसएच (थायरॉक्सिन कमी पडलं की रक्तात वाढणारं संप्रेरक) चढलेला.

गोळी उपाशीपोटी, पाण्याबरोबर. चहा-पोहे अर्ध्या ते एक तासाने, कॅल्शियम किंवा लोहाची गोळी ४ तासांनी. डोस बदलला की ६ ते ८ आठवड्यांनी तपासणी.

बाळंतपणानंतरचा तात्पुरता बिघाड असेल तर गोळी खरंच सुटू शकते, पण ते डॉक्टरांनी ठरवायचं. दिवस राहिले तर मात्र ती अजिबात थांबवू नका. डॉक्टरांना लगेच कळवा, बहुधा डोस वाढवावा लागतो.