रात्री दोनचा गजर

गणपतीला चाकरमानी उतरले की वाडीतल्या पोरांचा रोजचा दीड जीबी दुपारीच संपतो. "हॉटस्पॉट दे रे जरा" म्हणणाऱ्या मुंबईकर भावंडांना नाही कसं म्हणणार? पण रोजच्या कोट्याची ही रीत तशी अलीकडची.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी सरकारी विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वांसाठी खुलं केलं, तेव्हा ते तासांवर विकलं जाई. जोडणी टेलिफोनवरून, म्हणून कॉलची पल्स (फोनचं बिल मोजायचं एकक) निराळी. दोन मीटर एकदम पळायचे. काय आणि किती उतरवलं याला कोणी विचारत नव्हतं. लाइन किती वेळ अडवली, त्याचे पैसे.

२००४ च्या सरकारी धोरणाने किमान २५६ केबीपीएस (सेकंदाला २५६ हजार बिट) वेगाला ब्रॉडबँड म्हटलं आणि जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएलची 'डेटावन' आली. लाइन आता चोवीस तास चालू, मग तास कसले मोजणार? एमबी मोजायला लागले. त्याला कारणही होतं. बराचसा मजकूर परदेशातून यायचा आणि समुद्राखालच्या केबलवरची जागा महाग होती. (अरबी समुद्रातून येणाऱ्या त्या केबल बहुतेक किनाऱ्याला लागतात मुंबईत. आमच्या वाट्याला हायवेच्या खोदकामात तुटणारी वायर.) स्वस्त प्लॅनमध्ये महिन्याला काहीशे एमबी, पूर्ण वेगाने वापरलं तर २५६ केबीपीएसवर एक जीबी नऊ तासांत संपे. काही प्लॅनमध्ये रात्री दोन ते सकाळी आठ मोजणी बंद असे, कारण तेव्हा केबल रिकामीच. दोनचा गजर लावून डाउनलोड सुरू करायचं आणि पुन्हा झोपायचं, हे आम्ही कैक महिने केलं. एकदा आठ वाजून गेले तरी बंद करायचं राहिलं. ते बिल बाबांनी देव्हाऱ्याशेजारी टाचून ठेवलं होतं.

मोबाइलवर तर तेव्हा दहा केबीला दहा पैसे. ऐकायला चिल्लर, हिशेबाने जीबीला दहा हजारांच्या वर.

पुढे जादा पैशांऐवजी वेग कापण्याची पद्धत आली. कोटा संपल्यावरही किमान ५१२ केबीपीएस द्या, असं दूरसंचार नियामक ट्रायने घरगुती ब्रॉडबँडसाठी २०१६ मध्ये बजावलं. त्याच वर्षी सप्टेंबरात जिओ आलं, आधी फुकट, मग रोजच्या जीबीवर. आता मोजमाप दिवसाचं. श्रावणातल्या पावसात लाइट जाते, टॉवरची बॅटरी बसते, रेंज जाते, आणि बाराच्या ठोक्याला न वापरलेला दीड जीबीही जातो.