अकाउंटिंगचा मायनर आणि दोनदा मोजलेले सहा क्रेडिट

अमेरिकन विद्यापीठात बिझनेसच्या पदवीला अकाउंटिंगचा मायनर, म्हणजे मुख्य विषयासोबतचा छोटा जोडविषय, जोडण्याचा प्रस्ताव कागदावर अगदी निरुपद्रवी दिसतो. विषय नवे नाहीत, शिक्षक नवे नाहीत, वर्ग आधीपासून चालूच आहेत. सहा विषय, प्रत्येकी तीन क्रेडिट (अभ्यास मोजण्याचं एकक), एकूण अठरा. 'लागणारा जादा खर्च' या रकान्यात शून्य. विभाग मंजूर करतो, कॉलेजची अभ्यासक्रम समिती बघते, मग विद्यापीठाची मोठी सभा, आणि पुढच्या वर्षीच्या माहितीपुस्तकात अर्धं पान वाढतं. इतकं सोपं असूनही असे प्रस्ताव अडकतात, आणि अडकतात ते बहुतेक एकाच ओळीवर. बिझनेसच्या विद्यार्थ्याने सक्तीचे म्हणून अकाउंटिंगचे दोन विषय आधीच केलेले असतात. ते मायनरमध्ये धरायचे की नाही?

त्या ओळीमागे बराच इतिहास साचलेला आहे. प्रत्येक व्यवहार दोन खात्यांत लिहिण्याच्या द्विनोंदी पद्धतीचं पहिलं छापील विवेचन १४९४ मध्ये व्हेनिसला निघालं वगैरे इथे उगाळत नाही. पुढची चारशे वर्षं हिशेब लिहायला लोक पेढीवर आणि दुकानात शिकले, विद्यापीठात नाही.

'मेजर' आणि 'मायनर' हे शब्द १८७७-७८ मध्ये बाल्टिमोरमधल्या तेव्हा अगदीच नव्या विद्यापीठाच्या माहितीपुस्तकात आले. मेजर म्हणजे दोन वर्षांचा अभ्यास आणि मायनर म्हणजे एका वर्षाचा, इतकाच त्यांचा अर्थ होता. फरक मुदतीचा होता, मानाचा नव्हता. आपण मायनरला 'गौण विषय' म्हणतो तेव्हा त्यात जो कमीपणा येतो तो मागाहून चिकटलेला आहे. त्याच काळात हवे ते विषय हवे तसे निवडण्याची मोकळीक अमेरिकेत जोरात होती. १९१० च्या सुमारास तिची प्रतिक्रिया आली आणि एका विषयात खोलवर जाण्याची सक्ती झाली. मेजर पक्का झाला. मायनर कुठे सक्तीचा राहिला, कुठे ऐच्छिक, तर कुठे नुसता नावापुरता.

अकाउंटिंग विद्यापीठात शिरलं ते वेगळ्याच दाराने. बिझनेसची पहिली विद्यापीठीय शाळा फिलाडेल्फियात १८८१ मध्ये निघाली खरी, पण रेटा आला व्यवसायाकडून. १८९६ मध्ये न्यूयॉर्क राज्याने सार्वजनिक हिशेबतपासनिसांना परवाना देणारा कायदा केला. परवान्याला परीक्षा आली, परीक्षेला शिकवणी आली. १९०० मध्ये न्यूयॉर्क शहरातल्या एका विद्यापीठाने वाणिज्य आणि हिशेबाची शाळा काढली ती तिथल्या हिशेबतपासनिसांच्याच आग्रहावरून, आणि वर्ग भरत ते संध्याकाळी, कारण विद्यार्थी दिवसा नोकरी करत. १९१६ पर्यंत अकाउंटिंगच्या प्राध्यापकांची स्वतंत्र संघटनाही उभी राहिली. पुढे १९३३ आणि १९३४ च्या रोखेविषयक कायद्यांनंतर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना तपासलेले हिशेब जाहीर करणं भाग पडलं आणि मागणीची चिंता मिटली. या सगळ्यात मायनरचा विचार कोणी करण्याचं कारणच नव्हतं. अकाउंटिंग घ्यायचं ते अकाउंटंट व्हायला. थोडंसं अकाउंटिंग कोणाला कशाला हवं?

पहिला धक्का १९५९ मध्ये बसला. दोन मोठ्या धर्मादाय निधींनी पैसा पुरवलेले दोन अहवाल एकाच वर्षी निघाले आणि दोघांचा सूर एकच होता: बिझनेसच्या शाळा कारकुनी शिकवतात, विषयांचे बारीक तुकडे पाडतात, विद्यार्थ्याला रुंद पाया देत नाहीत. परिणाम असा की पदवीतले विशेषीकरणाचे विषय छाटले गेले आणि सगळ्यांना समान असा सक्तीचा गाभा आला. त्या गाभ्यात अकाउंटिंगचे दोन विषय बसले, एक वित्तीय आणि एक व्यवस्थापकीय. मार्केटिंगवाला असो की मनुष्यबळवाला, हे दोन चुकत नाहीत. आजच्या वादातले सहा क्रेडिट ते हेच.

मात्र हे दोन विषय नक्की कोणासाठी शिकवायचे हे ठरायला आणखी तीस वर्षं गेली, आणि माझ्या मते खरी गाठ तिथेच पडली. १९८९ मध्ये त्या वेळच्या आठ मोठ्या हिशेबतपासणी फर्मांनी एकत्र येऊन शिक्षणाबद्दल तक्रारवजा निवेदन काढलं: तुमची मुलं नियम पाठ करून येतात, लिहिता-बोलता येत नाही, प्रश्न सोडवता येत नाही. सुधारणेसाठी आयोग नेमला गेला आणि १९९२ मध्ये त्याने पहिल्या अकाउंटिंग विषयावर स्वतंत्र भूमिका मांडली. पहिला वर्ग फक्त भावी अकाउंटंटचा नाही. हिशेब वाचणारा, त्यावरून निर्णय घेणारा माणूसही त्याच बाकावर बसतो, तर वर्ग त्याच्याही कामाचा हवा, असा तिचा आशय. शहाणपणाचीच गोष्ट होती. पण अंमल करताना काही ठिकाणी लोलक पार दुसऱ्या टोकाला गेला. जर्नल एन्ट्री, म्हणजे व्यवहारांच्या नोंदी, मागे पडल्या, ताळेबंद वाचणं पुढे आलं, आणि डेबिट-क्रेडिट, म्हणजे नोंदीच्या दोन बाजू, परिशिष्टात गेलं.

याचा मायनरशी काय संबंध, ते एका उदाहरणात दिसतं. एका धंद्याने १ ऑक्टोबरला वर्षभराच्या विम्याचे १२,००० भरले. हिशेबाचं वर्ष ३१ डिसेंबरला संपतं. तीन महिने उलटले, म्हणजे ३,००० खर्ची पडले. उरलेले ९,००० अजून मालमत्ता आहेत, 'आगाऊ भरलेला विमा' म्हणून. विमा खर्च डेबिट ३,०००, आगाऊ विमा क्रेडिट ३,०००. दोन ओळींची समायोजनाची नोंद. ही हाताला नसेल तर तिसऱ्या विषयाच्या, म्हणजे इंटरमीडिएटच्या, पहिल्या आठवड्यातच विद्यार्थी गळाठतो, कारण तिथे घसारा, भाडेपट्टा, महसुलाची नोंद हे सगळं याच सवयीवर चढवायचं असतं. वाचक-पद्धतीने शिकलेला विद्यार्थी त्या धंद्याची तरलता, म्हणजे जवळची देणी भागवायची ताकद, किती यावर छान बोलतो. नोंद लिही म्हटलं की १२,००० एकदम खर्ची टाकतो आणि मालमत्तेच्या बाजूला काहीच ठेवत नाही. अकाउंटिंग मेजरवाल्यांसाठी काही विभागांनी मध्येच एका क्रेडिटचा नोंदींचा सराववर्ग घातला. मायनरवाल्याच्या वाट्याला तोही बहुधा येत नाही.

आता परत त्या ओळीकडे. दोन्ही विषय धरले तर बिझनेसच्या विद्यार्थ्याला मायनरसाठी नवे बारा क्रेडिट लागतात, चार विषय. न धरले तर अठरा, म्हणजे सव्वा सत्राच्या आसपास. धरा म्हणणाऱ्यांचं म्हणणं असं की विषय तोच, परीक्षा तीच, पुस्तक तेच. इतिहास शाखेच्या विद्यार्थ्याचे जे क्रेडिट चालतात ते फायनान्सच्या विद्यार्थ्याचे का चालू नयेत? शिवाय मायनर चालावा अशी इच्छा असेल तर गिऱ्हाईक फायनान्सचंच आहे, आणि त्याच्या १२० क्रेडिटच्या पदवीत मोकळी जागा जेमतेम असते. न धरा म्हणणारे म्हणतात की मग हा मायनर नव्हेच. सगळ्यांना सक्तीचं असलेलं एक तृतीयांश काम दुसऱ्यांदा विकून त्यावर चिकटवलेलं नाव आहे. मालकाला प्रमाणपत्रावर 'अकाउंटिंग मायनर' दिसतो, त्यातलं दोन तृतीयांशच खरं अकाउंटिंग असतं हे दिसत नाही.

बहुतेक ठिकाणी तडजोड होते ती अशी: एक विषय धरा, एक नको, म्हणजे नवे पंधरा क्रेडिट. किंवा 'मायनरमधले किमान इतके क्रेडिट इतर कशातही मोजलेले नसावेत' अशी विद्यापीठभरची अट. ही तडजोड कोणालाच आवडत नाही, आणि ती टिकतेही फार वर्षं. माझा कल न धरण्याकडे आहे हे लपवत नाही, पण कारण तत्त्वाचं कमी आणि त्या विम्याच्या नोंदीचं जास्त. पहिल्या दोन विषयांत नोंदी पक्क्या शिकवल्या जात असतील तर खुशाल धरा.

दुसरा गुंता नावाचा. काही बिझनेस शाळांत पदवी एकच, 'बिझनेस ॲडमिनिस्ट्रेशन', आणि फायनान्स, मार्केटिंग, अकाउंटिंग या तिच्या आतल्या शाखा, ज्यांना तिथे 'कॉन्सन्ट्रेशन' म्हणतात. दुसऱ्या विद्यापीठात कॉन्सन्ट्रेशन म्हणजेच मेजर. आता विद्यापीठाचा नियम म्हणतो की मायनर मेजरच्या बाहेरचा हवा. पहिल्या प्रकारच्या शाळेत अकाउंटिंग मेजरच्या आतलं, म्हणून तिथल्याच विद्यार्थ्याला अकाउंटिंगचा मायनर घेता येत नाही, आणि संगीत शिकणाऱ्याला मात्र येतो. मग वाट काढायला 'सर्टिफिकेट' जन्माला येतं: तेच चार विषय, नाव वेगळं, मंजुरीचा मार्ग वेगळा. माहितीपुस्तकात एकाच पानावर अकाउंटिंगचं कॉन्सन्ट्रेशन, मायनर आणि सर्टिफिकेट असे तिन्ही दिसले तर गोंधळ विद्यार्थ्याचा नाही. भारतात २०२२ च्या पदवी चौकटीने मायनरला तीन वर्षांच्या १२० क्रेडिटपैकी २४ आणि चार वर्षांच्या १६० पैकी ३२ दिले. तिथे मायनर पदवीच्या सांगाड्यातच बसवलेला आहे. शब्द तोच, वस्तू निराळी.

मायनरला खरी मागणी कुठून आली याचं उत्तर गमतीचं आहे, कारण ती परवान्याच्या कडक नियमातून आली. फ्लोरिडाने १९८३ मध्ये हिशेबतपासनिसाच्या परवान्यासाठी १५० क्रेडिट-तासांची अट घातली. साधी पदवी सुमारे १२० ची, म्हणजे वर्षभराचं शिक्षण जादा. १९८८ मध्ये राष्ट्रीय पातळीवरच्या व्यावसायिक संस्थेच्या सभासदांनी मतदानाने ठरवलं की २००० नंतरच्या नव्या सभासदाकडे १५० तास हवेत, आणि राज्यांची रांग लागली. कॅलिफोर्नियासारखं मोठं राज्य थेट २०१४ मध्ये आलं. जादा तीस तास कशात करायचे यावर बऱ्याच राज्यांनी फारसं बंधन ठेवलं नाही. मग हिशेब उलटा मांडला गेला. चार वर्षं फायनान्स, सोबत अकाउंटिंगचा मायनर, वर एक वर्षाची अकाउंटिंगची पदव्युत्तर पदवी. या वाटेवर मायनर हा पदव्युत्तर प्रवेशाच्या पूर्वअटी भागवण्याचा स्वस्त मार्ग ठरला. एकट्या मायनरवर मात्र परवाना मिळत नाही. अठरा क्रेडिट त्याला कमीच पडतात, आणि माहितीपत्रकात हे बारीक टाइपात छापलेलं असतं.

दुसरी मागणी घोटाळ्यांनी आणली. २००१-०२ मध्ये मोठमोठ्या कंपन्यांचे हिशेब कोसळले, २००२ चा कायदा आला, अंतर्गत नियंत्रणाची तपासणी सक्तीची झाली आणि अकाउंटिंगचे वर्ग भरू लागले. गुन्हेशास्त्राचे, संगणकाचे विद्यार्थीही येऊ लागले. (शिकागोचा टोळीप्रमुख अल कपोन १९३१ मध्ये अडकला तो खुनात नव्हे, प्राप्तिकरात. गुन्हेशास्त्राच्या विद्यार्थ्याला अकाउंटिंगचा मायनर सुचवताना ही गोष्ट सांगायला कोणी विसरत नाही.) याच दशकात अकाउंटिंगमध्ये पीएचडी केलेल्या प्राध्यापकांची टंचाईही बोलली जाऊ लागली, आणि 'जादा खर्च शून्य' या रकान्यातली मेख तिथे आहे. इंटरमीडिएटच्या वर्गात जागा ठरलेल्या. मायनरवाले आले की एक तर मेजरवाल्यांना नोंदणीत आधी संधी द्यावी लागते, नाहीतर आणखी एक तुकडी काढावी लागते. तुकडी काढली की शून्य उरत नाही.

गेल्या काही वर्षांत चित्र पुन्हा फिरलं. अकाउंटिंग पदवीधरांची संख्या घटत गेली, आणि पाचवं वर्ष हे त्याचं एक कारण म्हणून बोट १५० तासांकडे वळलं. जानेवारी २०२४ पासून परवाना परीक्षेची रचना बदलली: तीन सक्तीचे भाग आणि तीन पर्यायांतून निवडायचा एक, त्यातला एक पर्याय माहितीप्रणालींचा. जानेवारी २०२५ मध्ये ओहायोत कायदा झाला की साधी पदवी, दोन वर्षांचा अनुभव आणि परीक्षा एवढ्यावरही परवाना मिळावा, २०२६ पासून. पाठोपाठ इतर राज्यांनीही तीच वाट धरली.

याचा मायनरवर परिणाम दोन्ही बाजूंनी होतो. पाचव्या वर्षाची सक्ती गेली की पदव्युत्तरच्या पूर्वअटी भागवायला मायनर घेणारे कमी होणार. उलट, मेजरला विद्यार्थी मिळेनासे झालेले विभाग मायनरकडे दार म्हणून बघतात: आधी चार विषय तरी घ्या, आवडलं तर मेजर करा. म्हणूनच अलीकडच्या प्रस्तावांत दोन्ही विषय धरण्याकडे झुकाव आहे. कॉस्ट अकाउंटिंग (उत्पादनखर्चाचा हिशेब) किंवा टॅक्सऐवजी डेटाचा विषयही चालेल अशी सवलत त्यात असते, आणि दुहेरी मोजणीचा उल्लेख शेवटी एका तारांकित तळटीपेत.