बॅटने उत्तर दिलं म्हणे!

२०१९च्या विश्वचषकात संजय मांजरेकर यांनी रवींद्र जडेजावर थोडी बॅटिंग, थोडी बॉलिंग करणारा खेळाडू असा शिक्का मारला आणि एकदिवसीय सामन्यांत असे खेळाडू आपल्याला फारसे पटत नाहीत, असंही सांगून टाकलं. जडेजाने ट्विटरवर सुनावलं, की तुमच्या दुप्पट सामने मी खेळलोय आणि अजून खेळतोय. आठवडाभरात मँचेस्टरला न्यूझीलंडविरुद्धच्या उपांत्य सामन्यात त्याने ५९ चेंडूंत ७७ धावा कुटल्या. भारत १८ धावांनी हरला, पण चाहत्यांच्या लेखी त्या दिवशी खरे हरले ते मांजरेकर.

'बॅटने उत्तर दिलं' हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकतो, की टीका झाली की खेळाडू पेटून उठतो हा जणू निसर्गनियमच वाटायला लागतो. पेटून उठणारे असतीलही. पण कोणीही पेटलं नाही तरी हा देखावा जवळपास असाच दिसेल, आणि त्यामागचं गणित मला क्रिकेटइतकंच आवडतं.

दुसरं उदाहरण घेऊ. मार्च २००७, वेस्ट इंडीजमधला विश्वचषक. भारत पहिल्याच फेरीत गारद. सचिनच्या धावा: बांगलादेशविरुद्ध ७, बर्म्युडाविरुद्ध नाबाद ५७, श्रीलंकेविरुद्ध ०. तीन डावांत ६४. लगेच इयन चॅपल यांनी मुंबईच्या 'मिड-डे'मध्ये लिहिलं, की सचिनने आरशासमोर उभं राहून निवृत्तीचा प्रश्न स्वतःला विचारावा. प्रामाणिक आरसा 'हो' म्हणेल. लेखक ऑस्ट्रेलियन, त्यात भारताचे तेव्हाचे प्रशिक्षक ग्रेग चॅपल यांचा सख्खा भाऊ. मग काय, लोकांनी दोन्ही भावांचा एकत्रच उद्धार केला.

आता ते तीन डाव जरा जवळून बघू. सचिनची एकदिवसीय सरासरी तेव्हा ४४-४५ होती. अशा फलंदाजाचं अगदी साधं प्रारूप असं करता येतं: प्रत्येक पुढच्या धावेआधी त्याच्यासमोर दोनच शक्यता, एक तर धाव मिळेल, नाही तर तो बाद होईल. बाद होण्याची शक्यता दर वेळी ४६त एक. आधी किती धावा झाल्या, टीका झाली की कौतुक, याचा या आकड्यावर काडीचा परिणाम नाही. एवढ्या भांडवलावर सरासरी बरोबर ४५ येते. संख्याशास्त्रात याला भूमितीय वितरण म्हणतात आणि त्याची गंमत अशी, की त्यातलं प्रमाण विचलन (म्हणजे धावा सरासरीपासून साधारण किती दूर पसरतात त्याचं माप) सरासरीएवढंच, किंचित जास्तच असतं. सरासरी ४५, विचलनही ४५! म्हणजे ४५च्या आसपासच्या धावा हा नेहमीचा प्रकार नव्हेच. या फलंदाजाचे जवळपास निम्मे डाव तिशीच्या आत-बाहेर किंवा त्याआधीच आटोपतात, दर पाचांतला एक तर दोन आकडीही होत नाही, आणि तरी अधूनमधून शतक ठोकून तो सरासरी राखतो.

याच हिशेबाने तीन डावांत मिळून ६४ किंवा त्याहून कमी धावा होण्याची शक्यता काढली तर ती सुमारे सहात एक येते. फॉर्म न हरवता, कोपर न दुखता, निव्वळ योगायोगाने. (खऱ्या क्रिकेटमध्ये नवा फलंदाज स्थिरावलेल्यापेक्षा लवकर बाद होतो, आणि त्या ५७ धावा नाबाद होत्या, तेव्हा हे गणित ढोबळच समजा.) दोनशे डावांच्या कारकिर्दीत असे खड्डे डझनावारी येणार. गणिताला त्यांचं काही वाटत नाही. आपल्याला वाटतं, कारण एखादा खड्डा विश्वचषकात येतो.

आणि 'निवृत्त व्हा' हा लेख कधी लिहिला जातो? खड्ड्याच्या तळाशी. शतक झाल्यावर असा लेख कोण छापेल? तळापासून पुढचे डाव कसे असतील? आधीसारखेच, म्हणजे सरासरी ४५चे. पण मागचे तीन २१च्या हिशेबाचे असल्याने आलेख चढलेला दिसतो. लेख आणि चढण एकापाठोपाठ येतात, म्हणून आपण दोन्हींचं नातं जुळवून टाकतो.

मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन यांनी इस्रायली हवाई दलाच्या प्रशिक्षकांबद्दल हेच सांगितलं आहे. वैमानिकाने कसरत चुकवली की रागवायचं, पुढची सुधारते; छान केली की शाबासकी द्यायची, पुढची बिघडते. तेव्हा रागावणंच कामाला येतं, अशी प्रशिक्षकांची खात्री होती. प्रत्यक्षात फार वाईट कसरतीनंतरची बहुधा बरी असते आणि फार चांगलीनंतरची बहुधा कमी. प्रशिक्षकाने तोंड उघडलं नाही तरी. ब्रिटिश संशोधक फ्रान्सिस गॉल्टन यांना १८८६मध्ये हेच आईवडील आणि मुलांच्या उंचीत सापडलं होतं. फार उंच आईवडिलांची मुलं उंचच, पण सरासरीकडे थोडी झुकलेली.

कौतुकाची बाजूही हीच. खेळाडू शिखरावर असताना मुखपृष्ठावर येतो, मग दोन मालिका कोरड्या जातात आणि घरोघरी निदान होतं: दृष्ट लागली! मीठमोहऱ्या ओवाळणाऱ्या आज्यांना मी एक वेळ समजून घेईन. वाहिनीवर बसून सामन्याआधी शनी-मंगळाचा हिशेब मांडणाऱ्यांना नाही. पडलेला खेळाडू उठणार हे सांगायला पत्रिका लागत नाही, सरासरी पुरते.

चॅपल यांच्यावर मात्र अन्याय नको. त्यांनी फक्त तीन डाव पाहिले नव्हते. आधीच्या दोन-तीन वर्षांत सचिनची धार कमी झाली, असं त्यांचं म्हणणं होतं. २००४मध्ये सचिनला टेनिस एल्बो झाला, २००६मध्ये खांद्याची शस्त्रक्रिया झाली. हे योगायोगाच्या खात्यात टाकता येत नाही. त्यामुळे २०१०मधलं ग्वाल्हेरचं द्विशतक, त्याच वर्षीच्या १५६२ कसोटी धावा आणि २०११च्या विश्वचषकातल्या ४८२ धावा यांत दुखण्यातून सावरण्याचा वाटा किती आणि सरासरीकडे परतण्याचा किती, हे नुसत्या आकड्यांवरून वेगळं करता येणार नाही. जानेवारी २०११मधल्या केप टाउनच्या शतकानंतर सचिनचं एकही कसोटी शतक झालं नाही. तो उतार निव्वळ योगायोग, असं वयाच्या अडतिसाव्या वर्षी कोणीही म्हणणार नाही.

टीकेने खरंच धावा वाढतात का, हे तपासायचं तर तितक्याच खराब फॉर्मातले दोन गट हवेत: एकावर लेख आले, दुसऱ्यावर नाही. पण असे गट जमवणं कठीण, कारण खराब फॉर्म आणि लेख दोन्ही बघणारे निवड समितीचे लोक मध्ये येतात. ज्याला वगळलं त्याचा पुढचा डाव आकडेवारीत येतच नाही, आणि त्याच्यावरच्या लेखाचे स्क्रीनशॉट कोणी जपून ठेवत नाही.