दार-खिडकी जुळणी (वास्तुरचना सॉफ्टवेअर)

दार, त्याच्या बाजूच्या बंद काचा, वरचा झरोका आणि या सगळ्यांना धरणारी चौकट मिळून संगणकावर रचलेली एकच वस्तू म्हणजे दार-खिडकी जुळणी. सुटे दार तयार संग्रहातून उचलून भिंतीत टाकता येते. जुळणी मात्र त्या जागेच्या मापाने रचावी लागते, म्हणूनच दुकानांचे दर्शनी भाग, कार्यालयांची प्रवेशद्वारे आणि काचेची पार्टिशन यांत ती जास्त दिसते.

ऑटोकॅड आर्किटेक्चर या इमारतींचे नकाशे काढण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये यासाठी वेगळे साधनच आहे. त्याची घडण कर्टन वॉलसारखी (चौकटीच्या खणांत काचा किंवा पॅनेल भरून केलेल्या भिंतीसारखी) असते. आधी उभ्या-आडव्या रेघांचे ग्रिड आखायचे, प्रत्येक खणात काय भरायचे (काच, पॅनेल, दाराची किंवा खिडकीची स्टाइल, म्हणजे ठरवून ठेवलेला नमुना) ते ठरवायचे, मग कडांना चौकट आणि खणांच्या मध्ये दांडे द्यायचे. खणाच्या पोटात आणखी एक ग्रिड बसवता येते. खणांची संख्या किंवा माप ठरवून देता येते, नाहीतर प्रत्येक रेघ हाताने ठेवता येते. मधोमध दार हवे असेल तर हाताने ठेवलेलीच बरी.

खरी गडबड मापांत होते. जुळणी २४०० मिमी रुंद आहे, बाजूच्या चौकटी आणि मधले दोन दांडे प्रत्येकी ५० मिमीचे आहेत आणि दाराला ९०० मिमी मोकळी जागा हवी आहे, असे धरू. चौकटी आणि दांड्यांचे मिळून २०० आणि दाराचे ९०० वजा केले की बाजूच्या काचांना प्रत्येकी ६५० मिमी उरतात. पण दांडे ग्रिडच्या रेघांवर मध्यभागी बसत असतील आणि त्या रेघा ९०० मिमी अंतरावर आखल्या, तर दाराला ८५० मिमीच मिळतात. पडद्यावर हा फरक डोळ्यांत भरत नाही; तो सापडतो तो चौकट बनवायला दिल्यावर.

दुसरी नेहमीची अडचण उंबरठ्याची. चौकट चारही बाजूंना लावली की खालची पट्टी दाराखालूनही सरळ जाते आणि माणूस अडखळेल असे दार तयार होते. खालची बाजू मुख्य चौकटीतून वगळून ती पट्टी फक्त काचांच्या खणांना, आतल्या ग्रिडमधून द्यावी.

इतर सॉफ्टवेअरच्या वाटा वेगळ्या आहेत. रेव्हिटमध्ये एक तर कर्टन वॉल वापरायची (तिच्या खणात साधे दार बसत नाही, कर्टन पॅनेल म्हणून बनवलेलेच दार लागते), नाहीतर दाराच्या फॅमिलीत (रेव्हिटमधल्या वस्तूच्या तयार साच्यात) खिडकीची फॅमिली घालायची. आत घातलेली फॅमिली ‘शेअर्ड’ केलेली नसेल तर ती शेड्यूलमध्ये (वस्तूंच्या मोजणीच्या तक्त्यात) वेगळी मोजली जात नाही. आर्किकॅडमधली दारे जीडीएल या वस्तूंचे वर्णन करणाऱ्या संगणकी भाषेत लिहिलेली असतात. बाजूची काच आणि झरोका बहुधा दाराच्या सेटिंगमध्येच मिळतात.

भिंतीत अँकर केलेली, म्हणजे भिंतीशी जोडलेली जुळणी स्वतःपुरते भोक आपोआप पाडते आणि भिंतीबरोबर सरकते. प्लॅनमध्ये (वरून दिसणाऱ्या नकाशात) मात्र काय दिसेल ते इमारत ज्या उंचीवर आडवी कापल्याचे धरले आहे त्या छेदाच्या उंचीवर ठरते: छेद दारातून गेला की वरचा झरोका प्लॅनमध्ये येत नाही, त्यासाठी दर्शनी (समोरून दिसणारा) नकाशा लागतो. आयएफसी या, वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमधल्या देवाणघेवाणीच्या फाइल-स्वरूपात (आयएसओ १६७३९) भिंत, तिच्यातले भोक आणि ते भरणारे दार अशा तीन निराळ्या वस्तू असतात. जुळणी एका दाराच्या रूपाने पाठवली की कर्टन वॉलच्या, यावर समोरच्याकडे दारांची संख्या किती भरेल ते अवलंबून असते.