गोंदण आणि नोकरी

गोंदण आणि नोकरी : अंगावर उघड दिसणाऱ्या गोंदणाकडे नोकरी देणारे, सहकारी व ग्राहक कसे पाहतात आणि त्यातून कोणते लेखी-अलिखित नियम घडतात, एवढाच या नोंदीचा विषय आहे.

गोंदणाची प्राचीनता वादातीत आहे. १९९१ मध्ये आल्प्स पर्वतात बर्फात टिकून राहिलेल्या ‘ओट्झी’ या माणसाच्या देहावर (इ. स. पू. सु. ३३००) ६१ गोंदणखुणा मोजल्या गेल्या आहेत. गोंदणाला बदनामी कोठून चिकटली, हा प्रश्न मात्र वादग्रस्त आहे. आज कलंक या अर्थाने वापरल्या जाणाऱ्या ‘स्टिग्मा’ या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ तापलेल्या लोखंडाचा डाग, असे जुने अभ्यासक धरत. प्राचीन ग्रीक-रोमन इतिहासाचे अभ्यासक सी. पी. जोन्स यांनी १९८७ मध्ये दाखवून दिले, की या शब्दामागचे क्रियापद ‘टोचणे’ या अर्थाचे असून पळपुटे गुलाम व गुन्हेगार यांच्या अंगावरच्या या खुणा बहुतांशी गोंदलेल्या असाव्यात. हेच मत अधिक ग्राह्य वाटते. सहाव्या शतकातील वैद्य एटिअस याने या खुणांच्या शाईची कृतीच दिली आहे : झाडाची साल एक पौंड, गंजलेले कासे दोन औंस, मायफळ दोन औंस, हिराकसासारखा क्षार एक औंस, कातडी कांद्याच्या जातीतील लीकच्या रसाने धुवायची, रक्त येईपर्यंत सुयांनी टोचायची, मग शाई चोळायची. डागण्याला शाई लागत नाही. सैनिकांच्या हातांवर अशा खुणा असत, असेही तो सांगतो. म्हणजे खूण नेहमीच शिक्षेची नव्हती.

रोमन सम्राट कॉन्स्टंटाइन याने सु. ३१५-१६ मध्ये, शिक्षा झालेल्याच्या चेहऱ्यावर खूण करू नये, ती हातांवर वा पोटऱ्यांवर करावी, असा आदेश काढला. चेहरा व बाकीचे शरीर यांतला हाच भेद आजच्या नोकरीच्या नियमांत दिसतो. तेवढ्यावरून अखंड परंपरा जोडणे मात्र घाईचे होईल.

अर्वाचीन काळात जपानमध्ये १८७२ ते १९४८ आणि न्यूयॉर्क शहरात १९६१ ते १९९७ अशी गोंदणावर बंदी होती. न्यूयॉर्कच्या बंदीला काविळीच्या संसर्गाचे कारण देण्यात आले. जनमताच्या पाहण्या करणाऱ्या अमेरिकेतील प्यू संस्थेच्या २०२३ च्या पाहणीत अमेरिकेतील ३२ टक्के प्रौढांनी अंगावर गोंदण असल्याचे सांगितले. इतक्या लोकांना दारातूनच परत पाठवणे भरतीला परवडत नाही. त्यामुळे ‘गोंदण आहे का?’ हा प्रश्न मागे पडून ‘कोठे, केवढे, कशाचे?’ हे प्रश्न पुढे आले. अमेरिकी भूदलाने २०२२ मध्ये प्रत्येक हाताच्या पंजावर एक इंचाचे एक, कानामागे एक इंचाचे व मानेच्या मागील बाजूस दोन इंचांचे गोंदण चालवून घेतले. भारताच्या केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत धार्मिक चिन्ह वा नाव चालते. मात्र ते डाव्या हातावर, त्या भागाच्या एक-चतुर्थांशापेक्षा लहान हवे. सलामी उजव्या हाताने देतात, म्हणून उजवा हात कोरा लागतो. एअर न्यूझीलंडने सप्टेंबर २०१९ पासून आक्षेपार्ह नसलेले दर्शनी गोंदण मान्य केले. न्यूझीलंडच्या मूळ रहिवासी माओरींचे ‘मोको’ हे पारंपरिक गोंदण वंश व कूळ सांगते. ते झाकायला लावणे म्हणजे माणसाला आपली ओळख झाकायला लावणे होते. ही सुधारणा फार उशिरा झाली.

अभ्यासांचे निष्कर्ष वरवर परस्परविरोधी दिसतात. छायाचित्रे दाखवून केलेल्या प्रयोगांत, विशेषतः ग्राहकांसमोरच्या कामासाठी, चेहऱ्यावर वा मानेवर गोंदण असलेल्या उमेदवाराला कमी पसंती मिळते. उलट, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, दोन हजारांहून अधिक अमेरिकनांच्या पाहणीत गोंदणामुळे रोजगार वा पगार घटल्याचे आढळले नाही. पहिल्या प्रकारात अनोळखी चेहरा पाहून मत दिले जाते. दुसऱ्यात लोकांच्या प्रत्यक्ष नोकरीचा व कमाईचा हिशोब असतो. दोन्ही निष्कर्ष एकाच वेळी खरे असू शकतात.

नोकरीसाठी गोंदण झाकताना निळसर काळ्या रेषेवर आधी नारिंगी छटेचा थर थापतात, त्यावर कातडीच्या रंगाचा आणि शेवटी पावडर. थर चोळला की खालचा रंग वर येतो. बाहीची कड घासून दुपारपर्यंत मनगटावरची रेष पुन्हा दिसू लागते व कड मळते. ताज्या गोंदणावर, खपली पडून कातडी भरून येईपर्यंत, हे लावू नये, संसर्ग होतो.

काढण्यासाठी लेसर वापरतात. शाई अंतस्त्वचेतील (कातडीच्या आतल्या थरातील) महाभक्षी पेशींत, म्हणजे बाहेरचे कण गिळणाऱ्या पेशींत, साठलेली असते. लेसर तिचे कण फोडतो आणि शरीर ते हळूहळू वाहून नेते. म्हणून दोन बैठकांत साधारण सहा ते आठ आठवडे सोडावे लागतात व अनेक बैठका लागतात. भरतीची जाहिरात आल्यावर सुरुवात केली, तर शारीरिक तपासणीपर्यंत काम पुरे होत नाही. काळा रंग १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीच्या लेसरला, तांबडा ५३२ नॅनोमीटरच्या लेसरला चांगला प्रतिसाद देतो. हिरवा व निळा चिवट असतात. सर्वांत फसगत होते ती जुने नाव पांढऱ्या वा कातडीच्या रंगाच्या शाईने बुजवल्यावर. त्या शाईतील टायटॅनियम डायऑक्साइड वा लोहाचे ऑक्साइड लेसरखाली काळे पडते. म्हणून अशा गोंदणावर आधी कोपऱ्यातला एक लहान ठिपका तपासून पाहतात.